टोपी डोक्यात जाईना: टाके घालतानाच काठ आवळतो, त्याचं काय करायचं

बेळगावहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, टोपी गोड झाल्ये हो, पण घातली की बाळाच्या कपाळावर लाल वळ उठतो. काढायला गेलं की भोकाड पसरतो." बाळ चार महिन्यांचं. चोर्ला घाटातून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर टोपी मोठ्या कौतुकानं पाठवली होती. वरचा भाग मऊ, ओढला तर ताणणारा, डोक्यावर छान बसणारा. नडला तो फक्त काठ. म्हणजे अख्ख्या टोपीत जे काम मी सगळ्यात आधी, टीव्हीकडे बघत दहा मिनिटांत उरकलं होतं, नेमकं तेच: विणायला लागण्याआधी सुईवर टाके घालणं.

एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्याआधी यजमानांचे मोजे टाचेपाशी अडकले होते, भाचीच्या स्वेटरचा घेर कमरेत रुतून वर फुगा होत होता, आणि आता ही टोपी. तीन वस्तू, तीन वेगळ्या लोकरी, दुखणं एकच. आमच्या फोंड्याकडे जूनला लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत माणसाला घराबाहेर पडू देत नाही. तेव्हा या पावसात नवं काही विणायचंच नाही, नुसते टाके घालायचे, उसवायचे आणि परत घालायचे, असं ठरवून बसले. (गोव्यात लोकरीचं काय काम, असं विचारणाऱ्यांना सांगते: आमच्या सुयांवरचं निम्मं काम बेळगाव, पुणे नाहीतर परदेश गाठतं. आणि पौषात वाळपईकडे एकदा पहाटे उठून अंगणात या, मग विचारा.)

आधी दोष काठाचाच आहे ना, ते बघा

सात-आठ ओळी विणून झाल्या की काम टेबलावर पसरा, ओढू नका. खालचा काठ आणि त्याच्या चार बोटं वरची रुंदी, दोन्ही मोजा. खाली चिमटलेलं आणि वर पसरलेलं, करंडीसारखं दिसत असेल तर काठ आवळलाय. दोन सुलट दोन उलटची बॉर्डर असेल तर ती मुळातच आत ओढते, तिथं नुसतं बघून कळत नाही. मग पट्टीवर धरून आधी काठ ताणा, नंतर वरची ओळ ताणा. वरची ओळ १५ सेंटीमीटरपर्यंत जाते आणि काठ ११ वर कचकन थांबतो, असं झालं की निदान पक्कं.

काठ आणि वरचं कापड दोन्ही सारखंच घट्ट असेल तर मात्र तो वेगळा आजार आहे. त्यात सुईच्या नंबराचा घोळ असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात: नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत उलटा कारभार, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. म्हणजे अमेरिकन बाईचा व्हिडिओ बघून तुम्ही '८ नंबर' म्हणून दुकानातून आणलीत ती एक मिलिमीटर बारीक. खरं तर आपली ६ नंबरची हवी होती. सुईच्या टोपीवर मिलिमीटर लिहिलेले असतात, तेच वाचायचे. नंबर विसरा.

'दोन सुया एकत्र धरून घाल' हा इलाज मला का लागू पडला नाही

काठ आवळतो म्हटलं की दहातल्या नऊ जणी हेच सांगतात. टाके दोन सुयांवर मिळून घाल, किंवा एक नंबर जाड सुई घे, नंतर बारीक सुईवर विण. मीही ऐकलं. दुसऱ्या टोपीचे टाके तसे घातले. काय झालं? काठ होता तेवढाच घट्ट राहिला, वर पहिल्या ओळीचे टाके मात्र लांबोडके, पडलेल्या दातांसारखे फटीफटीचे दिसायला लागले. बाहेरून ढगळ, आतून आवळलेलं. दोन्ही तोटे एकदम पदरात.

कारण कळायला जरा वेळ लागला, आणि ते कळलं शेजारच्या काकींच्या ओसरीवर. काकी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करतात. मी सुया घेऊन जाऊन बसले होते, त्या फुलं बांधत होत्या. मी गंमत म्हणून एक हातभर बांधला. फुलाला फूल चिकटवून, भरगच्च. मला वाटलं, वाहवा. काकींनी तो उचलला, दोन बोटांवर धरला आणि हसायला लागल्या. "अगो बाय, हा अंबाड्यावर वळायचा कसा? काठीसारखा उभा राहील." त्यांचा स्वतःचा वळेसर बघितला तर प्रत्येक दोन देठांच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा दोरा मोकळा सुटलेला. फुलं पसरट, त्यामुळे वरून तो दिसतही नाही. गाठ घट्टच, देठ हलत नव्हता. मोकळा होता तो दोन गाठींमधला दोरा.

घरी येऊन टोपीचा काठ भिंगाखाली धरला आणि सगळं दिसलं.

आपण बहुतेक जणी टाके घालतो ते दोन धाग्यांचे. एक धागा अंगठ्यावर, एक तर्जनीवर. तर्जनीवरचा, म्हणजे गुंड्याकडचा धागा सुईवर फास होऊन बसतो. अंगठ्यावरचा, सुट्या टोकाचा (त्याला मी शेपूट म्हणते), तो त्या फासांच्या पायाशी गाठी मारत एका रेषेत पुढे जातो. काठ म्हणजे ही शेपटाची रेघ. सुई जाड घेतली की वाढतो तो वरचा फास. पायातल्या दोन गाठींमधलं अंतर सुईच्या जाडीवर नाही ठरत, ते ठरतं आधीच्या टाक्याला नवा टाका किती खेटून बसवला त्यावर. जाड सुईवरही तुम्ही टाके खेटूनच बसवणार असाल तर काठाला काय फरक पडणार?

हिशेब सरळ आहे. ४ मिलिमीटरच्या सुईवर नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटीमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात. म्हणजे विणलेल्या कापडात एका टाक्याला साडेचार मिलिमीटर जागा लागते. आणि सुईवर आपण टाके कसे लावतो? पावसात कदंबच्या (आमची सरकारी बस) थांब्यावरच्या छपराखाली माणसं उभी राहतात तसे. एकेकाला कशीबशी अडीच-तीन मिलिमीटर. वरचं कापड साडेचार मागतंय आणि पायातला धागा तेवढा सुटलेलाच नाही. मग तो करकचणारच.

हात असा ठेवून बघा

डाव्या हाताची बेचकी: शेपूट अंगठ्यावर, गुंड्याचा धागा तर्जनीवर, दोन्ही टोकं उरलेल्या तीन बोटांनी तळहातात दाबलेली. सुई अंगठ्याच्या बाहेरच्या धाग्याखालून वर, मग तर्जनीचा धागा वरून पकडून अंगठ्याच्या फासातून परत. इथपर्यंत सगळ्या जणी बरोबर करतात. अंगठा सोडून शेपूट ओढायची वेळ येते तेव्हा घात होतो. आपला हात सवयीनं उजवीकडे आणि खाली असा तिरका जातो, धागा ओढला जातो आणि नवा टाका सरकत जाऊन आधीच्याला टेकतो. टेकला की आपल्याला समाधान वाटतं, काम नेटकं झालं म्हणून.

त्याऐवजी उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक सुईवर, शेवटच्या टाक्याच्या अंगाला ठेवा. अगदी नखाची कड. नवा टाका त्या बोटापर्यंत येऊ द्या, त्याच्या पुढे नको. शेपूट ओढताना सरळ खाली ओढा. गाठ सुईला हलकेच बसली की पुरे. बोट पुढे सरकवा, पुढचा टाका. पहिले दहा-बारा टाके वेंधळे दिसतील, सुईवर एकमेकांपासून फटकून बसल्यासारखे. दिसू देत. २२ टाके घातल्यावर पट्टी लावा. सुईवर ८ ते १० सेंटीमीटर भरले पाहिजेत. माझे पहिल्या दिवशी साडेपाचच भरले होते, आणि मी स्वतःला सैल हाताची समजत होते!

एक खबरदारी. अंतर म्हणजे ढिलेपणा नव्हे. गाठच ढिली सोडली तर काठ लोंबतो, झालरीसारखा लहरतो, आणि धुतल्यावर अजून वाईट दिसतो. टाका सुईवर सरकला पाहिजे, पण सुई आतून दिसता कामा नये. गाठ पक्की आणि मधली जागा मोकळी, या दोन गोष्टी वेगवेगळ्या जमायला मला चार संध्याकाळी लागल्या. जुन्या लोकरीचे २० टाके घालायचे, चार ओळी विणायच्या, ताणून बघायचं, उसवायचं. मुलगी म्हणाली, "आई, तू एकच पट्टी महिनाभर विणतेयस का?"

टोपी आणि मोजे यांना याहूनही जास्त ताण लागतो. त्यांच्यासाठी मी आता अंगठ्याच्या फासाला एक जादा पीळ देते. याला जर्मन ट्विस्टेड किंवा ओल्ड नॉर्वेजियन म्हणतात. सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांच्या खालून न्यायची, वरून फासात खाली घालून आपल्याकडे आणायची, मग तर्जनीचा धागा उचलायचा. आता अंगठा जरा आत वाकवला की फासातली आढी उघडते. तिच्या मोकळ्या तोंडातून सुई बाहेर काढायची. वाचायला अवघड आहे, हाताला दहाव्या टाक्यापासून सोपं जातं. त्या जादा पिळामुळे पायाशी थोडा धागा राखीव राहतो आणि ताणल्यावर तोच उपयोगी पडतो. शेपूट मात्र जास्त खातो, हे लक्षात ठेवा.

शेपूट पुरत नाही

७४ टाके झाले, ८० हवेत, आणि हातात दोन बोटं धागा. हा प्रसंग न आलेली विणणारी मी बघितलेली नाही. यातली गोम अशी की काठ आवळण्याचंही हे एक छुपं कारण आहे. शेपूट संपत आली की हात आपोआप कंजूष होतो आणि शेवटचे वीस टाके पहिल्या वीसांपेक्षा घट्ट येतात. टोपीच्या एकाच बाजूला वळ उठत असेल तर तिथं हेच झालंय असं समजा.

रुंदीच्या तिप्पट धागा सोडा, असा जुना ठोकताळा आहे. ३६ सेंटीमीटरच्या काठाला १०८. खेटून घातलेल्या टाक्यांना तो जेमतेम पुरतो, अंतर राखून घातलेल्यांना पुरत नाही. माझी रीत अशी: धागा सुईभोवती दहा वेढे गुंडाळायचा, ते दहा टाक्यांचं माप. तेवढ्या लांबीच्या आठ लांब्या मोजल्या की ८० टाके झाले. ४ मिलिमीटरच्या सुईवर हे साधारण सव्वा मीटरच्या आसपास जातं. वर दोन विती जास्त. एक वीत टाक्यांमधल्या अंतरासाठी, दुसरी शेवटी टोक लपवायला. जादा पिळाचे टाके असतील तर अजून एक वीत.

टाके शंभराच्या वर गेले, स्वेटरचा घेर किंवा शाल असली, की मी मोजतच नाही. गुंड्याचं बाहेरचं टोक आणि आतलं टोक अशी दोन्ही घेऊन एकत्र सरकगाठ मारते. एक टोक अंगठ्यावर, दुसरं तर्जनीवर. संपायचा प्रश्नच नाही. टाके झाले की एक धागा कापायचा. ती सरकगाठ टाक्यांत धरायची नाही, पहिली ओळ विणून झाली की सोडून टाकायची. शेवटी दोन टोकं जास्तीची लपवावी लागतात, हा त्याचा दंड.

आणि सरकगाठीचा विषय निघालाच आहे तर: एका धाग्यानं सुरुवात करतानाही ती मारलीच पाहिजे असं नाही. बेचकी धरून धागा नुसता सुईवरून टाकला आणि एक पीळ दिला की तोच पहिला टाका होतो. काठाच्या कोपऱ्यात जो छोटा गोळा टोचतो तो या गाठीचाच असतो. बाळाच्या गळ्याशी तर तो नकोच.

पहिली ओळ विणता विणता दोन टाक्यांमधला धागा वाढतच जातो

ही तक्रार आली की मी विचारते, नुसत्या अंगठ्याच्या आढ्या टाकल्यास ना? हो म्हणतात. माझ्या आईनं मला तेच शिकवलं होतं, लहान मुलाला तेच सोपं. पण त्यात पायाशी गाठच नसते, एकाच धाग्याच्या आढ्या असतात. पहिल्या ओळीत सुई घातली की प्रत्येक टाका थोडा धागा ओढून घेतो आणि तो सरकत सरकत शेवटाला हातभर लोंबकळतो. ते दुरुस्त होत नाही. उसवा आणि दोन धाग्यांचे घाला. मध्येच कुठे चार-पाच टाके वाढवायचे असतील, बाहीखाली वगैरे, तेवढ्यापुरतंच ते बरं.

मोजणीचं एका ओळीत सांगते: दर वीस टाक्यांनी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची आढी सुईत अडकवा. काळी लोकर, संध्याकाळ आणि वीज गेलेली, अशा वेळी हेच वाचवतं.

दुसरं एक, ज्याचा काठाच्या ताणाशी संबंध नाही पण विचारतात फार. दोन धाग्यांनी टाके घालताना आपल्याकडे येते ती बाजू गुळगुळीत असते, आणि सुई वळवली की समोर उलट टाक्यांसारख्या गाठी येतात. म्हणजे टाके घातल्यावर आपण जी पहिली ओळ विणतो ती आतली बाजू. साध्या सुलट कापडाची सुरुवात म्हणून उलट ओळीनं करा, काठ समोरून स्वच्छ दिसेल. मी कितीतरी वर्षं सुलट ओळीनं सुरू करत होते आणि काठावर एक आडवी सुरकुती का येते म्हणून लोकरीला बोल लावत होते.

वायरच्या सुईवर गोल जोडताना पीळ पडतो

८० टाके वायरच्या सुईवर (दोन टोकं मधे वायरनं जोडलेली सुई) सर्पासारखे फिरतात. काठाची रेघ सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना, हे न बघता जोडलं की टोपीऐवजी आठाचा आकडा तयार होतो. पहिल्याच फेरीच्या शेवटी लक्षात आलं तर त्या सांध्यापाशी पीळ उलटा फिरवता येतो, एक तिरका धागा दिसतो पण बॉर्डरमध्ये लपून जातो. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर मात्र उसवण्यावाचून गत्यंतर नाही. माझा तोडगा आळशी आहे: पहिल्या दोन ओळी सपाट, जाऊन-येऊन विणायच्या आणि मग जोडायचं. तोपर्यंत एक बारीकशी पट्टी तयार झालेली असते, तिचा पीळ आंधळ्यालाही कळेल. दोन ओळींची फट उरते ती शेपटानं शिवून टाकायची. शेपूट लांब सोडण्याचा हा अजून एक फायदा.

आमच्या हवेचं दुखणं

उत्तरेकडच्या कुणी हे लिहीत नाही कारण त्यांना होत नाही. जुलैत खिडकीशी बसून विणा, तळहात कायम दमट. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. पण आपण विणतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, ती ओलावा जवळपास घेतच नाही. मग घाम धाग्यावर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर राहतो, टाका सरकत नाही, आणि सरकत नाही म्हणून आपण अजून जोरानं ओढतो. पावसाळ्यातले माझे टाके उन्हाळ्यातल्यापेक्षा घट्ट येतात ते यामुळे. हात धुवून पुसून थोडी पावडर चोळायची, सुई मध्ये मध्ये कोरड्या फडक्यानं पुसायची. लाकडी किंवा बांबूची सुई खरखरायला लागली तर मेणकागदानं घासून घ्यायची.

सुती धाग्याचं वेगळंच. इथल्या हवेत बाळाला सुतीच बरं म्हणून पुष्कळ जणी त्यात विणतात. सुताला लोकरीसारखी उसळी नाही, ताणलं की परत येत नाही. लोकरीत काठ किंचित सैल झाला तर लोकर सांभाळून घेते, सुतात तो जन्मभर सैल. सुती झबल्याला मी दोन सुयांनी विणून टाके घालते: पहिल्या दोन टाक्यांच्या मधून सुई घालायची, धागा बाहेर काढायचा आणि तो फास डाव्या सुईवर चढवायचा, पुढचा परत शेवटच्या दोघांच्या मधून. दोरखंडासारखा नीट काठ येतो, शेपटाची कटकटच नाही. ताणत मात्र फारसा नाही, त्यामुळे टोपी-मोज्यांना हा नको.

झालेली टोपी वाचवायची असेल तर

नणंदेनं टोपी परत पाठवली, आत एक बेळगावी कुंद्याचा डबाही होता, त्यामुळे राग आला नाही. अख्खी उसवायचं जिवावर आलं. काठापासून उसवता येतं का? येतं, पण विणकाम शेवटाकडून जसं सरसर सुटतं तसं सुरुवातीकडून सुटत नाही. धागा प्रत्येक टाक्यातून ओढून काढावा लागतो, आणि सुलट-उलट बॉर्डर असली की दर दोन टाक्यांनी अडकतो.

मी केलं ते असं. काठाच्या वरची दुसरी ओळ निवडली. एक बारीक, सव्वातीन मिलिमीटरची वायरची सुई त्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून (टाका इंग्रजी V सारखा दिसतो, त्याची उजवी बाजू) ओवत गेले. ८० मोजून झाले, परत मोजले. मग त्याच्या खालच्या ओळीतला एक टाका कात्रीनं कापला. छातीत धस्स होतं, होऊ द्या, सुईवरचे टाके कुठे जात नाहीत. शिवणाच्या बोथट सुईनं तो धागा एकेका टाक्यातून काढत फिरले. यात एक तास गेला. शेवटी आवळलेला काठ अखंड कडं होऊन हातात आला. ताणून बघितला, डोक्याच्या मापाला काही पुरेना. बाळाच्या डोक्याचा घेर ४१.

आता इथून खाली बॉर्डर वाढवावीशी वाटते. वाढवू नका. उलट दिशेनं विणताना टाके अर्ध्या टाक्यानं सरकतात, जुन्या सुलट रांगेखाली नवी रांग येत नाही आणि तो सांधा कायम डोळ्यात खुपतो. लांब बॉर्डरच हवी असेल तर जुनी सगळी काढून जिथे साधं सुलट कापड सुरू होतं तिथपर्यंत जा. तिथे नमुनाच बदलतो, त्यामुळे अर्धा टाका कुणाला दिसत नाही. मला तेवढी गरज नव्हती. मी तिथल्या तिथे टाके बंद केले, तेही ताणणाऱ्या रीतीनं: दोन टाके मागच्या पायांतून एकत्र विणायचे, झालेला टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा, तो आणि पुढचा परत एकत्र. हात सैल ठेवून.

नवा काठ ५० सेंटीमीटरपर्यंत ताणला आणि सोडल्यावर मुकाट जागेवर आला. टोपी दोन ओळींनी आखूड झाली, कान झाकेपर्यंत पुरली. घाटातून जाणारं कुणीतरी मिळेपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात उरलेल्या लोकरीचे जादा पिळाचे ८८ टाके घालून पुढच्या मापाची दुसरी टोपी सुरू केली आहे, कारण तोवर बाळाचं डोकं काही थांबून राहणार नाही.